अर्ध्या पगाराचा हिशेब

फेब्रुवारी लागला की आमच्या पगार विभागाच्या खिडकीशी एक ठरलेली विनंती यायची. "मॅडम, मार्चएंडपर्यंत माझा ओटी बंद करायला सांगा ना." एरवी ओटीसाठी, म्हणजे ओव्हरटाइमसाठी, सुपरवायझरच्या मागे लागणारी हीच माणसं. कारखाना कायद्याने ओटीला दुप्पट दर, त्यामुळे ओटी नाकारणारा कामगार साहेबांना वेडाच वाटायचा. "दुप्पट पैसे मिळतायत आणि हे घरी पळतात," असं एक प्लँट मॅनेजर माझ्यासमोर हसत म्हणाले होते.

भोसरीत आणि नंतर चाकणला पगार बनवण्यातच माझी सगळी नोकरी गेली. हजेरी, ओटी, पीएफ, ईएसआय, टीडीएस, फुल अँड फायनल. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या स्लिपा बघून झाल्यावर एक समजलं. काम कमी करावं की नाही हे ठरवताना बहुतेक लोक इन्कम टॅक्सकडे बघतात, आणि मोठं नुकसान मात्र भलत्याच रकान्यात होतं. पण त्या फेब्रुवारीतल्या कामगारांचं म्हणाल तर ते बरोबर होते, साहेब चूक.

त्याचं कारण असं. २०१९-२० पासून जुन्या करपद्धतीत करपात्र उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर कर शून्य. मात्र ५ लाखांची रेषा ओलांडली की सूट संपूर्ण जाते आणि कर अडीच लाखांच्या वरच्या सगळ्या रकमेवर लागतो. १२,५०० रुपये आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे १३,००० रुपये. रेषेच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाने मार्चमध्ये ४,००० रुपयांचा ओटी केला, तर रविवार गमावून वर खिशातले नऊ हजारांहून जास्त घालावे लागायचे. हे कुणी त्यांना कायद्याच्या पुस्तकातून शिकवलं नव्हतं. शेजारच्या मशीनवरच्या माणसाची मार्चची स्लिप एकदा बघितली की लाइनभर कळायचं. मी त्यांना एवढंच सांगायचे की ओटी सोडू नका, ३१ मार्चच्या आत तेवढी रक्कम पीपीएफमध्ये टाका. ८० सी मध्ये जागा असेल तर रेषा आपोआप लांब जाते. जागा नसेल तर मात्र घरी जा आणि झोपा.

उलट ऑफिसातली शिकलेली माणसं न घाबरण्याच्या ठिकाणी घाबरायची. "बढती घेतली तर वरचा स्लॅब लागेल" म्हणून बढती पुढे ढकला म्हणणारे मी बघितलेत. वरच्या स्लॅबचा दर वरच्या तुकड्यालाच लागतो, खालच्या पगाराला हात लागत नाही, हे त्यांना कागदावर मांडून दाखवावं लागायचं. स्लॅबची पायरी आणि सवलतीची रेषा या वेगळ्या गोष्टी आहेत. पायरीवर पाय मुरगळत नाही. रेषेवर मात्र कडेलोट होतो.

सगळ्यात निष्ठुर रेषा ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची. १ जानेवारी २०१७ पासून महिन्याला २१,००० रुपये. मी निवृत्त होईपर्यंत ती तिथेच होती. पगार २१,००० पर्यंत असेल तर कामगाराकडून पाऊण टक्का, कंपनीकडून सव्वातीन टक्के. २०,८०० पगार असलेल्या बाईचे महिन्याला १५६ रुपये कापले जातात आणि कंपनी ६७६ भरते. एवढ्यात ती, नवरा, मुलं, अवलंबून असलेले आईवडील सगळ्यांचा दवाखाना. असेंब्ली लाइनवरच्या एका बाईचा नवरा मूत्रपिंडाचा रुग्ण होता. एप्रिलच्या वेतनवाढीने तिचा पगार २१,००० च्या वर जाणार होता. ती आली आणि म्हणाली, "मला वाढ नको, लिहून देते." रडत वगैरे नव्हती. बाजारात भाव ठरवून आलेल्या माणसासारखी ठाम होती. सातआठशे रुपयांची वाढ आणि नवऱ्याचा उपचार यात निवड करायला तिला माझी गरजच नव्हती. तिला फक्त विचारायचं होतं, असं लिहून देता येतं का.

युनियनशी करार झालेला, त्यामुळे एकटीची वाढ थांबवता येणार नव्हती. पण ईएसआयची वर्गणी सहा-सहा महिन्यांच्या काळात मोजली जाते, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. त्या काळाच्या सुरुवातीला तुम्ही मर्यादेत असाल तर मध्ये पगार वाढला तरी तो काळ संपेपर्यंत आत राहता. वाढ १ एप्रिलला लागली तर ती त्याच दिवशी वर्गणीतून बाहेर. तीच वाढ १ मेपासून लागली तर सप्टेंबरअखेरपर्यंत आत, आणि त्या वर्गणीच्या जोरावर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभकाळ. एका महिन्याचा फरक. कराराच्या पुढच्या फेरीत युनियनने वाढीची तारीख मे करून घेतली. एप्रिलची रक्कम त्यांनी दिवाळीच्या बोनसमध्ये वळवून मागितली, हे त्यांचं डोकं.

ओटीने ईएसआय जातो हा आणखी एक समज. जात नाही. ओटीवर वर्गणी कापली जायची, पण २१,००० ची मर्यादा बघताना ओटी धरत नसत. उलट वर्गणी कापली म्हणून आजारपणाच्या रोख लाभाच्या सरासरीत तो मोजला जायचा. कितीतरी मुलांनी या भीतीपोटी ओटी सोडलेला मी बघितला. इथे सोडायचं काहीच कारण नव्हतं.

कामाचे तास कमी करण्याचा खरा प्रश्न आमच्याकडे बायकांकडून यायचा. बाळंतपणानंतर, किंवा घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की. आपल्याकडे खाजगी नोकरीत तास कमी करून मागण्याचा हक्क कुणालाच नाही. साहेबाची मर्जी. मर्जी झालीच तर पुढचा प्रश्न असतो रोज अर्धा दिवस की आठवड्यातून तीन दिवस. सगळ्याजणी तीन दिवस मागायच्या. जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, बसचा खर्च वाचतो. रोजंदारीवरच्या बाईसाठी मात्र मी रोज अर्धा दिवस सुचवायचे. ईएसआयचा आजारपणाचा लाभ मिळायला वर्गणीच्या सहा महिन्यांत ७८ दिवसांचा पगार लागतो. आठवड्याला तीन दिवस, सव्वीस आठवडे, किती होतात? बरोबर ७८. एक दिवस ताप आला आणि बिनपगारी झाला की लाभ गेला. रोज चार तास येणारीचे दिवस त्याच काळात दीडशेच्या आसपास भरतात, कारण हजेरीपटाला दिवस कळतो, तास कळत नाही. पैसे दोघींना सारखेच. ही गोष्ट कुठल्याही एचआरच्या पीपीटीत नसते.

आता ग्रॅच्युइटी. टूलरूममधले एक जुने गृहस्थ, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. बायकोचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. त्यांनी अर्धा दिवस मागितला, कंपनीने लगेच दिला. त्यांच्या हातावर सगळ्यांचा विश्वास होता. ते माझ्याकडे टॅक्स किती वाचेल हे विचारायला आले. खुशीत होते, कारण अर्ध्या पगारावर कर जवळजवळ संपत होता. मी त्यांच्यासमोर दुसराच कागद घेतला. बेसिक आणि डीए मिळून ५२,०००. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातलं सूत्र साधं. शेवटचा पगार, त्याला १५ ने गुणा, २६ ने भागा आणि नोकरीच्या वर्षांनी गुणा. त्यांचे एका वर्षाचे होतात ३०,०००. नोकरी २६ वर्षं. म्हणजे त्या दिवशी राजीनामा दिला असता तर ७,८०,०००. दोन वर्षं अर्धा दिवस काम करून निवृत्त झाले तर शेवटचा पगार २६,०००, वर्षाचे १५,०००, वर्षं २८. एकूण ४,२०,०००. आणखी दोन वर्षं राबायचं आणि ३,६०,००० कमी घेऊन घरी जायचं.

ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "मागची सव्वीस वर्षं मी पूर्ण दिवस केलाय ना?" केलेला होता. पण सूत्र मागे वळून बघत नाही, ते शेवटच्या स्लिपवर बोट ठेवतं आणि तोच दर सगळ्या वर्षांना लावतं. कायद्याला हा अन्याय कळत नाही असंही नाही. कामगार अपंग झाला आणि नंतर कमी पगारावर कामाला राहिला, तर आधीची वर्षं जुन्या पगाराने आणि नंतरची नव्या पगाराने मोजायची, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पण अपंगत्व कामगाराचं स्वतःचं असावं लागतं. बायकोच्या डायलिसिसची त्यात सोय नाही.

मार्ग एकच होता, आणि तोही कायद्यातलाच. कायद्यापेक्षा चांगल्या अटी कंपनीने करारात दिल्या तर त्या चालतात. मी एचआरला मसुदा करून दिला की अर्धवेळ सुरू होण्याच्या आधीच्या सेवेची ग्रॅच्युइटी पूर्ण पगारावर, नंतरची अर्ध्या पगारावर. एचआरचं उत्तर ठरलेलं, "असं पत्र आपण कधी कुणाला दिलेलं नाही." कुणी मागितलंच नव्हतं तर देणार कुठून? वरपर्यंत दोनतीन फेऱ्या झाल्या आणि पत्र निघालं. तोपर्यंत मी त्यांना अर्धवेळच्या अर्जावर सही करू दिली नाही. त्या मधल्या काळात त्यांनी साठलेली रजा वापरली, डायलिसिसच्या दिवशी एकेक. तेही हिशेबातच बसत होतं. पूर्ण पगाराच्या काळात कमावलेली रजा नंतर वटवायला गेलात तर ती अर्ध्या दराने वटते, मग आधी वापरलेली काय वाईट?

एका गोष्टीची त्यांना उगाच भीती होती. पीएफची पेन्शन. २०१४ च्या सप्टेंबरपासून पेन्शनसाठी पगार १५,००० पर्यंतच धरला जातो, शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरीने. त्यांचा अर्धा पगारही २६,००० होता, त्यामुळे पेन्शन जशीच्या तशी राहिली. एरवी आपण या १५,००० च्या मर्यादेला शिव्या देतो. अर्धवेळ जाणाऱ्याला तीच उपयोगी पडते.

शेवटचा पगार बघायची हीच खोड मातृत्वाच्या रजेलाही आहे. आमच्याकडची एक इंजिनिअर मुलगी पहिल्या बाळानंतर साठ टक्के पगारावर आली. हिशेबाला पक्की, एक्सेल घेऊनच आली होती. पाळणाघर, पेट्रोल, वाचलेला कर, सगळं मांडलेलं. तिच्या तक्त्यात एक ओळ नव्हती, ती मी विचारली. दुसरं मूल कधी? ती थोडी रागावली. विचारायचा अधिकार मला नव्हताच, पण आकड्याला होता. २६ आठवड्यांच्या रजेचा पगार रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. साठ टक्क्यांवर असताना रजेवर गेली तर सहा महिने साठ टक्के. पुढे तिला दिवस गेले तेव्हा ती रजेआधीचे काही महिने पूर्णवेळ आली. पोट सांभाळत चाकणपर्यंत रोज. ते योग्य होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. पैशाने ते योग्य होतं.

तिच्या आईने मला एकदा फोनवर सुनावलं होतं, "तुमच्या त्या टक्क्यांपायी पोरगी खड्ड्यांतून हिंडतीय." त्यावर मी काही बोलले नाही.

नव्या करपद्धतीने एक गंमत केली. २०२५-२६ पासून करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत कर नाही, पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट, म्हणजे पगार १२,७५,००० पर्यंत मोकळा. जुन्या ५ लाखांच्या रेषेसारखा कडेलोट इथे होऊ नये म्हणून थोडा दिलासा ठेवलाय. १२ लाखांच्या वर जेवढी रक्कम, कर त्याहून जास्त नाही. ऐकायला चांगलं वाटतं. पण याचा दुसरा अर्थ असा की रेषेच्या वरचे सुरुवातीचे सुमारे सत्तर हजार तुम्ही सरकारसाठी कमावता, आणि सेस धरला तर त्याहून थोडे जास्त देता.

माझ्या निवृत्तीनंतर डिझाइनमधल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. पगार १३,३५,०००. वडिलांना घेऊन आळंदीहून वारी करायची होती. रजा वडिलांच्याच ऑपरेशनमध्ये संपलेली, त्यामुळे अठरा दिवस बिनपगारी. "किती तोटा?" मी कागद घेतला. सुट्टी न घेता त्याला ६०,००० कर आणि २,४०० सेस, हातात १२,७२,६००. अठरा दिवसांचे ६६,७५० कापले तर पगार १२,६८,२५०, कर शून्य. फरक ४,३५० रुपये. त्या दिवसांची पीएफची वर्गणी वेगळी. मी त्याला दुसरा मार्गही सांगितला. कंपनीकडून बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत एनपीएसमध्ये वळवून घे, नव्या पद्धतीतही त्याची वजावट मिळते, मग सुट्टी न घेताही कर वाचेल. तो म्हणाला, "एनपीएस पुढच्या वर्षीही करता येईल." वडिलांचं वय बघता त्याचं बरोबर होतं. गेला वारीला.

असे हिशेब कागदावर सुटतात, पण अर्धवेळ जाण्याची एक किंमत कुठल्याच स्लिपवर येत नाही. ती मी स्वतः मोजली. सासऱ्यांना विस्मरण सुरू झालं तेव्हा मी शेवटची काही वर्षं चार तासांवर आले. ग्रॅच्युइटीचं पत्र आधी घेतलं, रजा आधी वापरली, सगळं जागच्या जागी. कामाचं मात्र काय झालं? पगार अर्धा झाला, काम अर्धं झालं नाही. महिनाअखेरीला पगार वेळेवर लागायचाच, त्यामुळे आठ तासांचं काम चार तासांत कोंबायचं आणि उरलेलं घरी फोनवर. मीटिंगा दुपारी ठेवल्या जायला लागल्या, कारण मी सकाळी असायचे हे कुणाच्या लक्षात राहायचं नाही. किंवा राहायचं. पुढच्या वेळी वेतनवाढीच्या यादीत माझं नाव "नंतर बघू" या ढिगात होतं. पण सासऱ्यांना संध्याकाळी बागेपर्यंत नेणारं माणूस घरात होतं. याची किंमत किती हे मी कधी काढली नाही, आणि काढणारही नाही.

आता नव्या श्रमसंहिता आल्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून पगाराची व्याख्या बदलली, भत्ते निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग पगारात धरायचा. त्यामुळे अनेकांचा ग्रॅच्युइटीचा आकडा वाढेल, आणि अर्धवेळ जाताना गमावायचा आकडाही त्याच प्रमाणात वाढेल. शेवटच्या पगाराचं सूत्र मात्र कायम आहे.

ज्यांच्या घरी हा विचार चालू आहे त्यांना एवढंच सांगते. तास कमी करायला हरकत नाही, बऱ्याच घरांत ते करायलाच हवं. पण अर्ज एचआरला मेल करण्याआधी शिल्लक रजा, ईएसआयची तारीख आणि ग्रॅच्युइटी या तिन्ही गोष्टी तपासा, आणि आधीच्या वर्षांची ग्रॅच्युइटी पूर्ण पगारावर मिळेल हे कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी घ्या. साहेब तोंडी "काळजी करू नका" म्हणाले तर अर्ज खिशातच ठेवा.